डरावजीची मान

"डरावजी, घेऊ का?"

पोरीनं हे विचारलं तेव्हा मी बेडकाच्या पोटात होते आणि मला तिचे फक्त पाय दिसत होते. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात त्याच मापाची हिरवी. गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली, पण त्या दोन चपला मी अजून विसरलेले नाही.

डरावजी म्हणजे त्या काळात टीव्हीवर रोज संध्याकाळी पाचला लागणाऱ्या कार्टूनमधला बेडूक. हिरवागार, ढेरपोट्या, खांद्याला झोळी. पोरांवर काही संकट आलं की हा झोळीत तोंड खुपसायचा, आतून काहीतरी काढायचा आणि म्हणायचा, "आहे ना सोल्युशन!" एवढंच. पण शेंबडं पोरही तेव्हा ऊठसूट आहे ना सोल्युशन म्हणत फिरायचं. आमच्या नाशिकच्या संस्थेला शाळाशाळांतून व्यसनमुक्तीचे कार्यक्रम करायचे होते. पोरं मोठ्या माणसांचं ऐकत नाहीत, बेडकाचं ऐकतील, असं आमच्या डोंगरे साहेबांच्या डोक्यात आलं. त्यांनी मुंबईच्या कंपनीकडून डरावजीचा पोशाख आणि त्याच्या आवाजाची कॅसेट मिळवली.

पोशाख आला तो चार फूट आठ इंचांच्या माणसाचा. संस्थेत त्या मापाचं माणूस एकच होतं. मी, शालन वाघचौरे, टायपिस्ट, वय छत्तीस, राहणार पंचवटीत एका खोलीत, एकटी. या उंचीपायी पाच-सहा वेळा कांदेपोहे करून मी त्या विषयातून मोकळी झाले होते. आई असताना म्हणायची, आमची शालन हंड्यावर झाकण ठेवायला हात पुरेल एवढीच झाली. डोंगरे साहेब पोशाखाकडं बघून म्हणाले, छोट्या मॅडम, देवानं तुम्हाला याच्यासाठीच घडवलंय, आणि सगळं ऑफिस खोखो हसलं. मीही हसले. न हसून सांगते कोणाला.

कंपनीचे नियम कडक होते. पोरांसमोर मुंडकं काढायचं नाही. आतल्या माणसानं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, काय बोलायचं ते कॅसेट बोलेल. कोणाच्या देखत खायचं नाही, प्यायचं नाही. इगतपुरीला पहिल्याच कार्यक्रमात दोन आगाऊ पोरांनी मुंडकं ओढून काढलं आणि आतून मी निघाले, घामानं निथळणारी. पहिलीतली चार पोरं भोकाड पसरून रडली. त्यानंतर डोंगरे साहेबांनी शिंप्याकडून ते मुंडकं खांद्यांना जाड दोऱ्यानं शिवूनच टाकलं. पाठीला चेन होती. ती आमचे ड्रायव्हर युनूसभाई बाहेरून उघडायचे, तेव्हा मी मागच्या मागं बाहेर पडायची.

आत बघायला जागा होती ती बेडकाच्या तोंडात. डोळे नुसते दाखवायचे, थर्माकोलचे, ताटाएवढे. तोंडात वीतभर जाळी लावलेली. लांबचं बरं दिसायचं, पण कोणी अगदी पुढ्यात आलं की कमरेखालचंच काय ते दिसायचं. मग कमरेतून वाकून मुंडकं खाली झुकवायचं, की जाळी पोराच्या तोंडासमोर यायची.

त्या दिवशीही मी तेच केलं. पोरीनं विचारलं आणि मी ती दिसावी म्हणून मुंडकं झुकवलं. तेव्हा दिसली. दहा-अकरा वर्षांची, केसांना तेल नाही, नाकाखाली लालसर चट्टा, आणि तोंडभर हसू. तिनं माझ्या फुगलेल्या पोटाला दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली आणि फाटकाकडं पळत सुटली.

कशाला खोटं बोलू, मला भरून आलं. मला कोणी मिठी मारली त्याला किती वर्षं झाली होती, ते मी मोजत बसले आणि मोजणं अर्धवट सोडलं. मी पोरांना स्टिकर वाटत होते. पोरीनं तेच मागितलं असणार, घेऊ का म्हणजे स्टिकर घेऊ का. पण तिनं स्टिकर घेतलं नव्हतं. लाजली असेल, म्हणून मी ते तिथंच सोडलं.

हे सगळं मनमाडचं. रेल्वे फाटकापलीकडं वस्तीतली शाळा होती, समोरच्या गल्लीत प्रत्येक दारापुढं पाण्याची निळी पिंपं, कारण नळाला पाणी यायचं पंधरा-वीस दिवसांनी. कार्यक्रम तर असा रंगला होता की विचारू नका. कॅसेटवर डरावजी म्हणाला, "मुलांनो, नशेला काय म्हणायचं?" पोरं ओरडली, "नाही!" आणि मी शाब्बास म्हणून मुंडकं खालीवर केलं. मग झोळीत तोंड खुपसलं, "आहे ना सोल्युशन!" वाजलं, आणि मागच्या रांगेतली मोठी पोरं एकदम फुटलीच. एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, लोळत होती. इतकं हसलेलं मी कुठल्याच शाळेत पाहिलं नव्हतं. मी युनूसभाईंना हातानं खूण केली. त्यांनी कॅसेट मागं घेऊन तेवढाच तुकडा परत लावला. तीन वेळा. तिन्ही वेळा मी झोळीत तोंड खुपसलं.

शेवटी मुख्याध्यापकांनी प्रमुख पाहुण्यांचा सत्कार केला. प्रमुख पाहुणा बेडूक. मला शाल पांघरली, हातात नारळ दिला. आत मी पावसात भिजल्यासारखी घामानं ओली होते आणि वरून शाल. ती पुढं डोंगरे साहेबांच्या खुर्चीवर गेली. चहा सगळ्यांना मिळाला, मला नाही, कारण बेडूक चहा पीत नाही.

बेडकासमोर लोक काहीही बोलतात. आत कोणी ऐकतंय हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मी कोपऱ्यात उभी होते आणि तिथल्या साळवे बाई डोंगरे साहेबांना सांगत होत्या, आता डरावजीला मिठी मारून गेली ना, ती करिश्मा. आई धाकट्याला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही, बाप धान्याच्या गोदामात हमाली करतो, दिवसभर घरात ही एकटी. फार वाईट नाद लागला होता हो तिला. पण आज अकरा दिवस झाले, शिवलेली नाही. मी रोज मोजते. आणखी महिनाभर काढला ना, तर सुटली पोरगी.

डोंगरे साहेब म्हणाले, वा, छान. नाद कसला, ते त्यांनी विचारलं नाही. मला विचारायचं होतं, पण मी बेडूक होते.

साहेब शाळेच्या संचालकांकडं जेवायला थांबले. युनूसभाई आणि मी जीपनं परत निघालो, पोशाख मागच्या सीटवर. चांदवड फाट्याच्या अलीकडं चाक बसलं. रस्त्याकडेला पंक्चरवाल्याची टपरी होती. त्यानं ट्यूब काढली, पाण्यात बुडवून भोक शोधलं, घासलं, आणि मग कमरेची किल्ली काढून एक पत्र्याची पेटी उघडली. पेटीत फक्त पिवळी नळी होती.

मला गंमत वाटली. मी म्हटलं, दादा, एवढ्याशा नळीला कुलूप?

"सोल्युशन आहे ताई," तो म्हणाला. "उघडं ठेवलं की पोरं पळवत्यात. पिशवीत ओतायचं, पिशवीत तोंड खुपसायचं आणि बसायचं ओढत. गावोगाव हेच चाललंय. तुम्हाला नाही माहीत?"

मला नव्हतं माहीत. व्यसनमुक्तीच्या संस्थेत आठ वर्षं टायपिंग केलं, गर्द टाइप केलं, गुटखा टाइप केला, दारू तर रोजची. पंक्चरला लावतात त्या चिकट द्रवाला सोल्युशन म्हणतात हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, मलाही होतं. पण ते ओढतात हे ठाऊक नव्हतं, आणि आमचा बेडूक गावोगाव काय बोंबलत फिरतोय हे त्या टपरीपाशी उभं राहीपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. तोंड झोळीत, आणि आहे ना सोल्युशन. तीन वेळा. मागची पोरं का लोळत होती, ते मला आत्ता कळलं.

मी तिथल्या दगडावर बसले. हसण्याचं एक वेळ सोडा. मला आठवलं ते निराळंच. घेऊ का, असं ती विचारत होती आणि मी मुंडकं खाली झुकवलं होतं. खाली, आणि तिला बघून झाल्यावर परत वर.

अकरा दिवस झाले होते तिला, आणि मी तिला हो म्हणाले होते.

युनूसभाई चाक बसवून आले. त्यांना मी सांगितलं. ते बराच वेळ रुमालानं हात पुसत राहिले. मग म्हणाले, ताई, हो बेडूक म्हणाला, तुम्ही नव्हे. मला माहीत आहे, ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पण पोरीनं ऐकलं होतं ते बेडकाचंच, त्यामुळं मला अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोंगरे साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढला. ते वाक्य कंपनीचं आहे, त्यातला काना-मात्रा बदलायचा आपल्याला हक्क नाही. एका शाळेतल्या एका मुलीसाठी सगळा उपक्रम कसा थांबवणार? पुढच्या गुरुवारी त्याच शाळेत दुसरी फेरी आहे, फोटो काढायला जिल्ह्यावरून माणसं येणार आहेत. "तुम्ही फक्त आत शिरायचं बघा," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला बेडूक दिसत होता, एवढंच.

सोमवारी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून शाळेत फोन केला. साळवे बाई आल्या. करिश्माची चौकशी केली तर त्या एकदम थकलेल्या आवाजात बोलल्या. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी परत घेतलं तिनं. आता शाळेतही येत नाही. घरी जाऊन विचारलं तर म्हणते, डरावजीनं सांगितलं घे म्हणून. पोरं खोटं बोलायला काय पक्की असतात बघा, बेडकाच्या नावावर खपवते.

ती खोटं बोलत नाहीये, एवढंच मला सांगायचं होतं. बाई हॅलो हॅलो करत राहिल्या आणि मी फोन ठेवला. त्या दिवशी खोलीवर गेले, भात टाकला आणि तो तसाच झाकून ठेवला. माझ्या हातून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं, पण वाईटही झालं नव्हतं. तेवढं एक मी धरून होते, आणि आता तेही गेलं.

गुरुवारी परत मनमाड. जीपमध्येच युनूसभाईंना म्हटलं, ते वाक्य लावू नका. ते म्हणाले, बरं. आणि खरंच, तेवढ्या जागी त्यांनी कॅसेट अशी काही अडकवली की नुसती खरखर झाली. डोंगरे साहेबांनी डोळे वटारले, फोटोवाले फोटो काढत राहिले. मी जाळीतून रांगा शोधत होते. निळी चप्पल, हिरवी चप्पल. पोरगी नव्हती.

कार्यक्रम संपला. पाहुणे मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला गेले. युनूसभाई स्पीकर जीपमध्ये चढवत होते आणि मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी सावलीत उभी होते, ते येऊन चेन उघडतील म्हणून. पडक्या कुंपणातून कोणीतरी आत उडी मारली. मला पाय दिसले.

ती पुढ्यात येऊन उभी राहिली. एवढ्या जवळ, की कमरेखालचंच काय ते दिसत होतं. फ्रॉकचा घेर, आणि हातात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, तळाला पिवळट थर. जाळीतून तो वास आत आला आणि माझ्या घशात बसला.

"तू हो म्हणालास म्हणून घेतलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगत होती. "पण तुझ्यावाणी होत नाही माझं. तुझ्या झोळीतून काय काय निघतं. माझ्या पिशवीतून काहीच निघत नाही."

मी खांबासारखी उभी राहिले. वाकायचीही भीती वाटत होती.

"घरात कोणीतरी आहे असं वाटतं, तेवढंच," ती म्हणाली. "भांडं वाजल्यावाणी, कोणी स्वैपाक करत असल्यावाणी. मग उतरलं की बघते तर कोणी नसतं. मग डोकं लई दुखतं." तिनं पिशवी पुढं केली. "अजून घेऊ का, डरावजी?"

भांडं वाजल्यासारखं. मला ते कळलं. आई गेल्यावर वर्षभर माझ्याही खोलीत वाजायचं, आणि मी काही न ओढता ऐकायची.

नाही म्हणायचं होतं. साधी गोष्ट, नाही म्हणायचं, मान हलवायची. मी मान हलवली. आत माझी मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली, माझी कानशिलं फोमवर घासली, आणि बाहेर मुंडकं होतं तिथंच राहिलं. ते खांद्यांना शिवलेलं होतं. खाली-वर व्हायचं, कारण त्यात मी कमरेतून वाकायची. आडवं हलायला त्याला मानच नव्हती. सतरा शाळा आम्ही त्याला घेऊन फिरलो होतो, नशेला नाही म्हणा हे शिकवायला, आणि त्या बेडकाला नाही म्हणताच येत नव्हतं.

मग मी अख्खं अंग हलवलं. डावीकडं, उजवीकडं, पोट हिंदकळवत, जोरानं. नाही, नाही, नाही. आणि ती पोरगी टाळ्या वाजवायला लागली. कार्टून सुरू होतं तेव्हा पडद्यावर डरावजी अगदी असाच नाचायचा. तिनंही दोन चपलांवर माझ्यासोबत नाच धरला.

तेव्हा मी नियम मोडला.

"नाही," मी आतून म्हणाले. "करिश्मा, नाही घ्यायचं. मी हो म्हणाले नव्हते गं. मी फक्त तुला बघत होते."

चपला दोन पावलं मागं सरकल्या. आता ती मला पूर्ण दिसली. तोंडावरचं हसू पार गेलेलं. टीव्हीवरच्या डरावजीचा आवाज भरदार, पुरुषी, आणि आतून निघाला होता माझा, घोगरा, बाईचा.

"तुझ्यात बाई आहे?" तिनं विचारलं.

"हो. मी आहे आत. माझं ऐक बाळा—"

"तू गप," ती म्हणाली. "मी तुला नाही विचारलं. मी त्याला विचारलं."

इतकी वर्षं झाली, पण याच्याइतकं खरं मला कोणी बोललं नाही. बायांचं तिनं ऐकलं होतंच की. साळवे बाई होत्या, आई होती, शेजारणी होत्या. सांगणाऱ्या बायांचा तोटा नव्हता. तिला उत्तर हवं होतं ते ज्यानं हो म्हटलं त्याच्याकडून.

मी दोन्ही हात बाहेरून वर नेले. हिरवे, तीन बोटांचे. मुंडकं दोन्ही बाजूंनी धरलं आणि सगळा जोर लावून उजवीकडं पिळलं. टर्र झालं. मानेचे टाके उसवले, मुंडकं फिरलं आणि जाळी माझ्या कानाकडं गेली. आत मिट्ट काळोख. मग डावीकडं पिळलं. परत टर्र. परत उजवीकडं. फोमचा चुरा डोळ्यांत गेला, श्वास कोंडला, हात भरून आले. पण मी थांबले नाही, कारण थांबायचं कधी ते मला दिसत नव्हतं. ती समोर आहे की गेली, बघतेय की पाठ फिरवली, काहीच कळत नव्हतं. मी कोणाला नाही म्हणत होते तेही कळत नव्हतं. काळोखात उभी राहून मी आपली नाही, नाही, नाही करत राहिले.

कधीतरी पाठीची चेन उघडली. युनूसभाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पाण्याची बाटली दिली. टाकीपाशी कोणी नव्हतं. कुंपणाजवळ कोणी नव्हतं. एक मुलगी होती का, मी विचारलं. ते म्हणाले, मी आलो तेव्हा तर तुम्ही एकट्याच होतात, ताई.

डोंगरे साहेब आले आणि त्यांनी मोडकं मुंडकं पाहिलं. ते काय काय बोलले ते मी सांगत बसत नाही, त्यांच्या जागी मीही बोलले असते. जीपमध्ये मी पोशाख मांडीवर घेऊन बसले. मुंडकं एका बाजूला लटकत होतं. उरलेली स्टिकरं मोजून परत द्यायची असतात म्हणून मी झोळीत हात घातला, तर हाताला चिकट लागलं.

प्लास्टिकची पिशवी होती. तोंडाला गाठ मारलेली. आणि तिच्यासोबत पिवळी नळी, अर्धी भरलेली.

युनूसभाईंनी आरशातून पाहिलं आणि जीप बाजूला घेतली. मी ते हातात धरून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि ते समोर रस्त्याकडं बघत थांबून राहिले.

पोशाख कंपनीला परत गेला. पोशाख मोडला तर परवानगीच रद्द, असं करारात होतं. मी परत टायपिंगला बसले. ऑफिसात कोणी वाईट वागलं नाही, फक्त जेवायच्या वेळी माझ्या टेबलाशी कोणी डबा उघडेना.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी एसटीनं मनमाडला गेले. कशाला, ते मला सांगता आलं नसतं. गल्लीत त्या दिवशी पाणी आलं होतं. बाया, पोरं, हंडे, नळ्या, नुसता गलका. करिश्मा पिंपाच्या काठावर वाकून आतलं पाणी बघत होती. मी समोर उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत पिंपात पाहिलं. तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं. माझा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

मी म्हटलं, "पिंप भरत आलं गं."

तिनं झटक्यात मान वर केली. "तू त्याच्या आतली बाई."

"हो."

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी नाही घेतलं. त्या दिवसापासून नाही."

"सांगते," मी म्हणाले.

एवढंच झालं आणि मी परतीची एसटी पकडली. पण पंधरा दिवसांनी परत गेले. मग जातच राहिले. दर वेळी ती मला दारात गाठायची आणि निरोप द्यायची. त्याला सांग, नाही घेतलं. त्याला सांग, मी वर्गात दुसरी आले. एकदा माझ्याकडं न बघता म्हणाली, त्याला सांग, काल घेतलं. मी सांगते म्हटलं. तर विचारते, काय म्हणेल तो? मी म्हटलं, वाईट वाटेल त्याला. ती रडली आणि तिनं त्याला सॉरी सांगायला सांगितलं. नाशिकपासून मनमाडपर्यंत मी त्या बेडकाची टपालवाली झाले होते. मी कुठं राहते, कोणाकडं राहते, कशी येते, हे तिनं कधी विचारलं नाही. मला हेवा वाटायचा त्याचा. हसू नका, खरंच वाटायचा.

दीड वर्ष असं गेलं. एका रविवारी गेले तर दारातलं पिंप रिकामं, पालथं घातलेलं. घरात एक बाई भांडी पोत्यात भरत होती. आई आली होती. बापानं काम बदललं होतं, सगळी धुळ्याला निघाली होती. करिश्मा उंच झाली होती, जवळजवळ माझ्याएवढी. दोन्ही पायांत एकाच रंगाच्या चपला होत्या.

"त्याला सांग मी चालले," ती म्हणाली. मग जरा जवळ आली. "आणि त्याची मान नीट करून घे. माझ्यापायी मोडली ना. दुखत असंल."

"करून घेते," मी म्हणाले. माझा आवाज फाटला, तो तिनं ऐकला असावा. ती माझ्याकडं बघत राहिली. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडं, माझ्या तोंडाकडं.

"तुझं नाव काय गं?"

"शालन."

तिनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. आत तिच्या आईच्या हातून ताटली पडली, खणखणली, आईनं ती उचलून पोत्यात टाकली.

"शालन, जेवून जा," करिश्मा म्हणाली. "आईनं पिठलं केलंय. जेवशील ना?"

माझी एसटी साडेबाराची होती, बारा वाजून गेले होते आणि स्टँडपर्यंत चालायलाच पाव तास लागायचा. मी मान खाली झुकवली आणि हो म्हणाले.